पीयू, टीपीआर की रबर? मुंबईत चालायला कोणता सोल

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मुलुंडला राहतो. गेल्या महिन्यात दिराच्या मुलीच्या लग्नासाठी मिस्टरांनी त्यांचे काळे फॉर्मल बूट माळ्यावरून काढले. चांगले महागाचे, जेमतेम दोनदा घातलेले, खोक्यातच होते. हॉलच्या गेटपासून स्टेजपर्यंत काळा भुगा सांडत गेला. पाहिलं तर उजव्या बुटाचा सोल खारीसारखा चुरला होता. दुकानदाराकडे गेलो, तर म्हणाला, "वापरले नाहीत म्हणून गेले." हे काय उत्तर झालं?

आता सगळ्यांनाच नवीन घ्यायचे आहेत. मी रोज सीएसएमटीला उतरून फोर्टपर्यंत चालते. जुलैमध्ये स्टेशनच्या पुलावर घसरले, नशिबाने हाड वाचलं. मिस्टर म्हणतात, यापुढे फक्त लेदर सोल. कॉलेजातला मुलगा म्हणतो, फोमवाले हलके शूज घ्या, बाकी सगळं जुनाट. सासूबाईंना शुगर आहे, तळपायाला मुंग्या येतात, आणि त्या घरात अनवाणीच फिरतात. दुकानात गेलं की टीपीआर, पीयू, ईव्हीए अशी नावं तोंडावर फेकतात. यातला चांगला सोल कोणता, ते एकदा नीट सांगा.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुकानदारावरचा राग जरा बाजूला ठेवा. त्याने दिलेलं कारण चुकीचं होतं, पण तो तुम्हाला बनवत नव्हता. बूट वापरले नाहीत म्हणून गेले असं नाही, ते जाणारच होते. वापरले असते तर जायच्या आधी निदान पैसे वसूल झाले असते.

तो सोल पीयूचा होता, हे तुम्ही लिहिलेल्या भुग्यावरूनच कळतं. रबर म्हातारं झालं की कडक होतं, त्याला तडे जातात. पीव्हीसी टणक होऊन चिरतो. आधी किंचित चिकट व्हायचं आणि मग बोट लावलं तरी भुगा पडायचा, हे दुखणं पीयूचं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ मध्ये याची वाट दाखवली. दोन द्रव साच्यात एकत्र ओतले की ते फुगतात आणि मऊ, हलका, बऱ्यापैकी टिकाऊ सोल तयार होतो. दिवसभर उभं राहणाऱ्यांना तो फार सुखाचा वाटतो, म्हणून कम्फर्ट सँडल आणि फॉर्मल बुटांत तो जिथे तिथे दिसतो. अडचण अशी की बुटांसाठी बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीचा पीयू वापरतात, आणि त्याच्या रासायनिक साखळीतले जोड पाणी तोडतं. त्यासाठी बूट भिजायला हवेत असंही नाही. हवेतली वाफ पुरते, आणि वर ऊब मिळाली की काम आणखी लवकर उरकतं. याला हायड्रोलिसिस म्हणतात. पॉलिइथर जातीचा पीयू पाण्याला सहज दाद देत नाही, पण तो झिजतो लवकर. म्हणून कारखाने पहिल्या जातीकडेच वळतात.

आता तुमचा माळा बघा. स्लॅबला लागून, एप्रिल-मेमध्ये तापलेला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत बहुतेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या आसपास किंवा वर दमटपणा. त्यात बूट "धूळ बसू नये" म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खोक्यात. म्हणजे आत शिरलेली ओल आतच. खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुडीवर भरवसा नको. ती ठरावीक ओल शोषते आणि मग नुसती पडून राहते. जगभरच्या संग्रहालयांत पीयू फोमच्या वस्तू सांभाळणाऱ्यांनाही हीच डोकेदुखी असते. त्यांच्याकडे निदान हवा कोरडी ठेवायची यंत्रणा असते.

जाता जाता, दुकानात ज्याला "पीयू लेदर" म्हणतात ते वेगळं. तो कापडावर चढवलेला पीयूचा पातळ थर, चामडं नव्हेच. पण तुमच्या घरात एखादी पर्स किंवा सोफा सोलवटून काळे पापुद्रे पडत असतील, तर दुखणं बहुधा हेच.

यातून कामाची गोष्ट अशी की पीयूचं घड्याळ कारखान्यात सुरू होतं, तुम्ही बिल फाडता त्या दिवशी नाही. त्यामुळे सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारे पीयू सोलचे बूट घेताना खोक्यावरचं लेबल वाचा. एमआरपीबरोबर उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. तीन वर्षांपूर्वीचा माल असेल तर सूट तुम्हाला मिळत नाहीये, दुकानदाराची सुटका होतेय. घरात असलेले बूट तपासायचे तर सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा आणि बूट मध्यातून वाकवून बघा. नखाला चिकट लागलं, किंवा वाकवल्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर तो बूट घालून लग्नाला जाऊ नका.

मिस्टरांच्या बुटाचं वरचं चामडं शाबूत असेल तर टाकू मात्र नका. चांगल्या मोच्याकडून नवा रबराचा किंवा टीपीआरचा (ते काय, हे पुढे सांगते) सोल बसवून घेता येतो. कुर्ला-चेंबूरकडच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत चपला-बूट बनवणाऱ्यांची मोठी वस्ती आहे, तिथे चौकशी करा. एवढंच बघा की जुना पीयू शेवटच्या कणापर्यंत खरवडून काढला जातोय. त्या भुग्यावर सोल्यूशन धरत नाही, आणि महिन्याभरात नवा सोलही तोंड उघडतो. बुटाची बांधणी झेपत असेल तर चिकटवल्यावर कडेने शिलाई मारून घ्या.

आता तुमच्या घसरण्याकडे येते, कारण या पत्रातला सगळ्यात तातडीचा प्रश्न माझ्या मते तोच आहे. लग्नात सोल गेला तर शोभा होते, पुलावर पाय गेला तर खुबा जातो.

ओल्या लादीवर पाय घसरतो तो टाच टेकते त्या क्षणी. लादी आणि सोल यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि तेवढ्या वेळापुरती टाच तरंगते. सोलने दोन गोष्टी करायला हव्यात: ते पाणी बाजूला सारायचं आणि लादीच्या बारीक खडबडीत भागाला चिकटून बसायचं. दुसरं काम मऊ आणि लवचीक पदार्थालाच जमतं, आणि तिथे रबराला तोड नाही. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून ते तापवायची रीत काढली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. गंधकामुळे रबराचे धागे एकमेकांना कायमचे बांधले जातात. म्हणून व्हल्कनाइज्ड रबर उन्हात वितळत नाही, ओढलं तर परत जागेवर येतं, आणि ओल्या लादीवर पाय धरून ठेवतं. वजन मात्र असतं. दुकानात दोन बूट दोन हातांत धरा. रबराच्या सोलचा बूट हाताला कळतो.

खालच्या नक्षीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. खोल, जाड, ट्रॅक्टरच्या टायरला शोभतील अशा खाचा चिखलासाठी असतात. मुलगा पावसाळ्यात राजमाची-लोहगडला जात असेल तर त्याला त्या हव्यात. स्टेशनच्या गुळगुळीत लाद्यांवर मात्र जास्तीत जास्त सोल जमिनीला टेकलेला हवा आणि त्याला पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक, दाट, कडेपर्यंत पोचणाऱ्या चिरा हव्यात. मधेच संपणारी चीर पाण्याला बाहेरची वाट देत नाही. लेडीज सँडलच्या सोलवर नुसती फुलांची नक्षी असते, तिचा उपयोग तेवढाच.

आणि टाचेची बाहेरची, मागची कड बघा. बहुतेकांची पहिल्यांदा तिथेच झिजते. रुपयाच्या नाण्याएवढा भाग गुळगुळीत झाला की तो सोल कितीही चांगल्या मालाचा असो, पावसाळ्यापुरता संपला. जुलैमध्ये घसरलात त्या सँडल अजून घरात असतील तर उलट्या करून पाहा. मला वाटतं उत्तर तिथेच सापडेल. शेवाळावर मात्र कुठलाच सोल चालत नाही, तिथे कठडा धरायचा.

तर तुम्हाला मी काय घ्यायला सांगेन? पावसाळ्यासाठी रबराचा सोल, आणि बजेट कमी असेल तर टीपीआर. टीपीआर म्हणजे थर्मोप्लॅस्टिक रबर. यात गंधकाची ती कायमची बांधणी नसते. तापवलं की वितळतं, साच्यात ओतलं की सोल. म्हणून ते स्वस्त पडतं, आणि म्हणूनच दुकानदार त्याच्याकडे नाक मुरडून तुम्हाला पीयू दाखवतो. मुंबईपुरतं माझं मत उलटं आहे. टीपीआरची पकड चांगली असते, आणि हवेतल्या ओलीने ते भुगा होत नाही. ते खऱ्या रबरापेक्षा लवकर झिजतं, आणि तेल-पेट्रोलने फुगतं, हे खरं. पण रोज लोकलने जाणाऱ्या बाईच्या सँडलला पेट्रोल कुठे लागतंय? दोन पावसाळे काढा आणि बदला.

नावं एकसारखी असल्यामुळे गोंधळू नका. टीपीयू हा टीपीआर नव्हे, आणि पीयूच्या फोमसारखाही नव्हे. तो घट्ट, चिवट, झिजेला भारी. बायकांच्या उंच टाचांच्या खाली जी इवलीशी टोपी असते ती बऱ्याचदा टीपीयूची असते. टिकते छान, पण कडक असल्यामुळे ओल्या मार्बलवर तिचा भरवसा नाही.

पीव्हीसीचं फार सांगण्यासारखं नाही. पाण्याने त्याला काही होत नाही आणि तो सगळ्यात स्वस्त. त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू निघून जातं आणि सोल टणक होत जातो. मग ओल्या गुळगुळीत लादीवर तो दगा देतो. एअरमिक्स म्हणून जो सोल दाखवतात तो पीव्हीसीतच हवेचे बुडबुडे घालून हलका केलेला असतो. पीव्हीसीचे गमबूट मात्र जरूर ठेवा. हिंदमाता किंवा तुमच्या बाजूला भांडुपला गुडघाभर पाणी तुंबलं की लेप्टोच्या (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) भीतीने तरी पाय झाकलेला बरा.

मुलाचा फोम म्हणजे ईव्हीए. त्याचं म्हणणं अर्धं मान्य करा. ईव्हीएमध्ये हवेचे बंद कप्पे असतात, म्हणून तो इतका हलका, आणि धावताना गुडघ्याला बसणारा धक्का तो चांगला झेलतो. बंद कप्प्यांमुळे पाणी आत शिरत नाही, आणि पीयूसारखा तो हवेतल्या ओलीने तुटतही नाही. पण रोजच्या दाबाने ते कप्पे बसतात आणि परत फुगत नाहीत. बूट वरून नवाकोरा दिसतो आणि आतली गादी संपलेली असते. उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर तो आकसतो, हेही त्याला सांगा. मुख्य म्हणजे नुसता ईव्हीए थेट जमिनीला टेकत असेल तर तो भराभर झिजतो, आणि झिजला की ओल्यावर घसरतो. चांगल्या रनिंग शूजमध्ये ईव्हीए मधल्या थरात असतो आणि खाली टाच व चवड्याच्या जागी रबराचे तुकडे चिकटवलेले असतात. मुलाला म्हणावं, घ्यायच्या आधी बूट उलटा कर आणि नखाने दाब. नखाचा खड्डा तसाच राहिला तर तो फोम, लगेच भरून आला आणि बोट फिरवताना अडलं तर रबर.

दुकानात आणखी एक मदत मिळते. बऱ्याच बुटांवर आत किंवा खाली छोटी चित्रं असतात. बुटाच्या चित्रात खालचा भाग गडद केलेला असेल तर शेजारचं चिन्ह सोलबद्दल बोलतंय. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, विणलेली जाळी म्हणजे कापड, आणि पत्त्यांतल्या चौकटासारखा साधा तिरका आकार म्हणजे इतर काहीही. ही युरोपातली पद्धत आहे, पण निर्यातीचा माल बनवणाऱ्यांमुळे आपल्याकडेही दिसते. अडचण अशी की रबर, पीयू, पीव्हीसी सगळं त्या एका चौकटीत बसतं. तेव्हा सोलच्या तळाला कोरलेली अक्षरं शोधा. बरेच कारखाने साच्यातच पदार्थाचं नाव घालतात.

मिस्टरांच्या लेदर सोलबद्दल मी त्यांच्याशी भांडणार नाही, कारण आवडीची गोष्ट आहे. चामड्याचा सोल पायाचा घाम शोषतो, काही आठवड्यांत तळपायाचा आकार घेतो, आणि वेल्ट पद्धतीने, म्हणजे कडेने चामड्याची पट्टी लावून, शिवलेला असेल तर झिजल्यावर उसवून दुसरा बसवता येतो. पण ओलं चामडं फुगतं, मऊ पडतं आणि कोरड्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतं. शिलाईचा दोरा कुजतो, बुरशी येते, आणि पॉलिश केलेल्या ओल्या फरशीवर त्याच्याइतकं बेभरवशाचं दुसरं काही नाही. ऑक्टोबर ते मे घाला म्हणावं, आणि घेतल्या घेतल्या मोच्याकडून खाली पातळ रबराचा हाफसोल लावून घ्या. चोखंदळ लोक नाकं मुरडतील, मुरडू द्या. कोल्हापुरीलाही हाच नियम. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं आहे, २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, पण पाऊस तिला सोसत नाही. जूनमध्ये पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, हवा खेळेल अशा जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि माळ्यावर तर नकोच.

राहिल्या सासूबाई. त्यांचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण खरेदी त्यांच्यापासून सुरू करा. शुगर असताना तळपायाला मुंग्या म्हणजे पायाची जाणीव कमी होत असण्याची शक्यता. अशा माणसाला खडा रुतलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही, आणि साधी जखम चिघळते. अनवाणी फिरणं आजपासून बंद, घरातसुद्धा. आणि चपला घ्यायच्या आधी डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्या.

त्यांच्यासाठी एमसीआर नावाचा सोल असतो, मायक्रोसेल्युलर रबर. यातही बारीक हवेचे कप्पे असतात, पण पदार्थ रबराचा, त्यामुळे दाबला की परत वर येतो. तळपायाचा भार एका ठिकाणी न पडता तो सगळीकडे पसरवतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांसाठी या रबराच्या चपलांवर काम केलं, आणि तोच धडा पुढे मधुमेहाच्या पायांना लागू पडला. मऊ एमसीआर एकटा नको. त्याखाली कडक रबराचा थर हवा, म्हणजे काच किंवा खिळा आरपार येणार नाही. अंगठ्याचा पट्टा असलेली चप्पल घेऊ नका. बोटांच्या बेचक्यात घासून जखम होते, आणि पकडून ठेवायला बोटं आखडावी लागतात. रुंद पट्टे, वेल्क्रो, आणि मागे टाचेला बेल्ट असावा.

असल्या चपला काही मेडिकल दुकानांत तयार मिळतात. पायाचा आकार बदलला असेल, बोटं वाकली असतील किंवा आधी जखम होऊन गेली असेल, तर तयार घेऊ नका. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या ठिकाणी मापाने बनवून घ्या. खरेदीला सकाळी नको, संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि खरं माप तेव्हा कळतं. त्यांना "घट्ट होतंय का?" असं विचारून भागणार नाही, कारण नेमकं तेच त्यांना जाणवत नाही. तुम्हीच बोट घालून बघा.

नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालायला द्या आणि काढल्यावर दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या कडा उजेडात पाहा. कुठे लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर ती चप्पल परत करा. ठीक असेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवा. घालण्यापूर्वी आत हात फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, आणि एमसीआर अंगठ्याने दाबल्यावर वर यायचा थांबला की चप्पल बदला, पट्टे कितीही नवे दिसत असले तरी.